क्षमा मिळाली, मग पुढे?

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की एक शंका हमखास पुढे येते. पाप केलं, धर्मगुरूकडे जाऊन कबूल केलं, क्षमा मिळाली. म्हणजे पुन्हा तेच करायला माणूस मोकळा! ‘करावे तसे भरावे’ हे ज्या समाजाच्या हाडीमाशी खिळलेलं आहे, तिथे ही शंका यायचीच. कर्माचं फळ भोगल्याशिवाय सुटका नाही असं मानणाऱ्याला पापक्षमा ही पळवाट वाटते.

पण ही शंका बाहेरच्यांनी काढलेली नाही. ख्रिस्ती धर्म जेमतेम पंचवीस-तीस वर्षांचा होता तेव्हाच ती त्याच्या घरात शिरलेली होती. इसवी सन 57 च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथ शहरातून रोमच्या ख्रिस्ती मंडळीला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो स्वतःच विचारतो, की देवाची कृपा पापाहून मोठी असेल तर कृपा वाढावी म्हणून आपण पाप करतच राहावं का? आणि तो हा प्रश्न तिथल्या तिथे झटकून टाकतो. आपण असंच शिकवतो अशी बदनामी काही लोक करतात, हेही तो त्याच पत्रात आधी सांगून जातो. म्हणजे आरोप तेव्हाही हाच होता.

पौलाचं उत्तर मात्र आपल्याला अपेक्षित असतं तसं नाही. ‘पुन्हा पाप केलंत तर क्षमा काढून घेतली जाईल’ अशी धमकी तो देत नाही. तो बाप्तिस्म्याकडे बोट दाखवतो. पाण्यात बुडी घेतलीत तेव्हा तुमचं जुनं जिणं ख्रिस्ताबरोबर मेलं आणि पुरलं गेलं. वर आलात ते नवं जिणं घेऊन. मग मेलेल्या जिण्यात परत राहायला जाणार कसे? त्याच्या लेखी क्षमा मिळालेला माणूस दुसऱ्या धन्याच्या घरी गेलेला आहे, आणि जुन्या धन्याची चाकरी करत राहणं ही त्याने स्वतःशीच केलेली विसंगती आहे. पण याच पत्रात, एकच अध्याय पुढे, अगदी वेगळा सूर लागतो. जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच होतं, असं तिथे कोणी तरी कळवळून सांगतं. हा ‘मी’ कोण, ख्रिस्ती होण्याआधीचा माणूस की नंतरचा, यावर आजही अभ्यासकांचं एकमत नाही. संत ऑगस्टिनने आधी पहिलं मत धरलं आणि उतारवयात ते बदलून दुसरं घेतलं. मला त्याचं नंतरचं मत पटतं. आत्म्यातली ही ओढाताण क्षमा मिळाल्यावर संपत नाही. बऱ्याचदा ती तेव्हाच कुठे सुरू होते.

इथे ख्रिस्ती विचारातली एक मूळ गोष्ट धरून ठेवायला हवी. पाप म्हणजे नियम मोडणं हे खरं, पण त्याआधी ते देवाशी असलेलं नातं मोडणं आहे. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, दूरदेशी जाऊन सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी आल्यावर शुद्धीवर येतो. परतताना काय बोलायचं याची वाक्यं तो मनाशी जुळवून येतो. पण बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, आणि मुलाची वाक्यं पुरी व्हायच्या आत नोकरांना अंगरखा आणायला सांगतो. क्षमा आधी येते, सुधारणा नंतर. जक्कय नावाच्या जकातदाराचंही तसंच. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरतो आणि मग तो माणूस उठून म्हणतो, की ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन. हा क्रम उलटा केला की ख्रिस्ती धर्म उरतच नाही. आणि हा क्रम ठेवला की आपली सुरुवातीची शंका उभी राहणारच. उधळ्या मुलाचा मोठा भाऊ तीच शंका घेऊन अंगणात रुसून उभा आहे. इतकी वर्षं राबलो, मला काय मिळालं? गोष्टीत त्या भावाची तक्रार कोणी खोडून काढत नाही. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो, एवढंच.

या क्रमाची भीती खुद्द ख्रिस्ती लोकांनाही वाटली. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला येशू दगडांपासून सोडवतो आणि यापुढे पाप करू नकोस असं सांगून पाठवतो, हा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. आजचे बहुतेक अभ्यासक तो नंतर जोडला गेला असं मानतात. पण पाचव्या शतकात ऑगस्टिनने त्याचं वेगळंच कारण दिलं होतं. त्याच्या मते काही अल्पविश्वासी पुरुषांनी तो मुद्दाम गाळला, कारण तो वाचून आपल्या बायकांना मोकळीक मिळेल असं त्यांना वाटलं. ऑगस्टिनचा तर्क बरोबर असो वा नसो, ‘सहज मिळालेली क्षमा माणसाला बिघडवते’ हे भय किती जुनं आहे ते त्यातून दिसतं.

या भयापोटी पहिल्या काही शतकांत क्षमेला माप लावण्याचे प्रयत्न झाले. बाप्तिस्म्याने आधीची सगळी पापं धुतली जातात याबद्दल वाद नव्हता. नंतर घडलेल्या पापांचं काय? दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने एक संधी दिली, आणखी एकच. कार्थेजच्या तर्तुलियनने आधी ही दुसरी संधी मान्य केली आणि पुढे कडव्या पंथाकडे झुकल्यावर मूर्तिपूजा, व्यभिचार आणि खून यांना चर्च क्षमा देऊच शकत नाही असं लिहिलं. परिणाम काय झाला? लोक बाप्तिस्माच लांबवू लागले. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो मरणाच्या उंबरठ्यावर, 337 साली घेतला. ऑगस्टिन लहानपणी आजारी पडला तेव्हा त्याच्या आईने बाप्तिस्म्याची तयारी केली होती, पण तो बरा झाला आणि बेत पुढे ढकलला गेला, कारण पुढे पापं होणारच होती. माप लावून पाप कमी झालं नाही; पुढे ढकलली गेली ती क्षमा.

या सगळ्याचा कस लागला तो कार्थेजमध्ये, 250 साली. सम्राट डेसियसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर आजही सापडतात. अर्जदाराचं नाव, गाव, आपण आजवर देवांना बळी देत आलो आणि आत्ताही तुमच्यासमोर अर्घ्य ओतून प्रसादाचं मांस चाखलं असं निवेदन, खाली अधिकाऱ्याची सही आणि तारीख. आजच्या तहसील कचेरीतल्या कागदाइतकाच कोरडा कागद. कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो, की अटकेची वाटही न पाहता लोक चौकात धावले, आणि संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणाले तेव्हा आजच उरकून घ्या म्हणून विनवू लागले. कोणी बळी दिला, कोणी नुसता धूप घातला, कोणी पैसे चारून खोटा दाखला मिळवला. काही जण मात्र तुरुंगात गेले, छळ सोसून तिथेच मेले. सिप्रियन स्वतः शहराबाहेर लपला होता, आणि त्याबद्दल त्याला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं.

वर्षभरात छळ ओसरला. डेसियस 251 साली गॉथांशी लढताना मारला गेला. मग ढळलेले लोक चर्चच्या दाराशी परत आले. आता यांचं करायचं काय? तुरुंगवास भोगलेल्यांना मोठा मान होता, आणि त्यांतले काही जण ‘यांना माफ करा’ अशा चिठ्ठ्या देऊ लागले. काही चिठ्ठ्यांत तर एकाच माणसाचं नाव आणि पुढे ‘त्याच्या मंडळींसह’ एवढंच असे. अशा चिठ्ठीत वीस-तीस माणसं सहज बसतील, असं सिप्रियन वैतागून लिहितो. दुसऱ्या टोकाला रोममध्ये नोवेशियन उभा राहिला. जे ढळले त्यांनी आयुष्यभर पश्चात्ताप करावा, देव त्यांना क्षमा करील तर करो, पण चर्चने त्यांना पुन्हा प्रभुभोजनाला बसू देऊ नये, असा त्याचा हट्ट.

सिप्रियनने मधली वाट काढली. ती कोणालाच आवडली नाही, पण मला ती त्या काळातली सर्वांत शहाणी वाट वाटते. 251 च्या धर्मसभेत ठरलं की प्रत्येकाची चौकशी वेगळी करायची. खोटा दाखला घेतलेल्यांना तपासून परत घ्यायचं. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करायचं आणि मरणाच्या वेळी तरी त्यांना जवळ करायचं. दोनेक वर्षांत पुन्हा छळाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांनाच आत घेण्यात आलं. ज्यांना उद्या मरणाला सामोरं जायचं आहे त्यांना आज उपाशी कसं ठेवायचं, हा त्यामागचा विचार. 258 साली सिप्रियनचा शिरच्छेद झाला. नोवेशियनचा शुद्ध पंथ काही शतकं टिकला. 325 च्या निकियाच्या परिषदेने त्याच्या धर्मगुरूंना परत यायची मुभा दिली, पण अट घातली की ढळून परतलेल्यांच्या पंगतीला तुम्ही बसलं पाहिजे. ही अट मला फार अर्थपूर्ण वाटते. शुद्ध राहिलेल्यांनाही काही शिकायचं होतं.

तरीही जाहीर प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच, ही रीत पश्चिमेत बराच काळ चालली. पापी माणूस वेगळ्या रांगेत उभा राहायचा, उपास करायचा, कधी कधी वर्षानुवर्षं. अर्थात लोकांनी याही संधीची बचत मरणापर्यंत करायला सुरुवात केली. कोंडी फोडली ती आयर्लंडच्या मठवासीयांनी. त्यांच्याकडे खासगीत, हव्या तितक्या वेळा पाप सांगता येई आणि प्रत्येक पापाला ठरलेलं प्रायश्चित्त असे: इतके दिवस पाणी-पाव, इतकी स्तोत्रं. 589 च्या तोलेदोच्या परिषदेने या वारंवार क्षमेवर कडक टीका केली. तरी ती पसरलीच, आणि 1215 साली लॅटरन परिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पाप निवेदन करावं असा नियमच केला. धर्मगुरूने ऐकलेलं कोणालाही सांगायचं नाही, हेही त्याच कलमात आहे.

आजचा कॅथलिक संस्कार तिथूनच आला आहे. कोकणी ख्रिस्ती घरांत त्याला कुमसार म्हणतात. माणूस गुडघे टेकतो, मागचं कुमसार केव्हा केलं ते सांगतो, मग पापं सांगतो. धर्मगुरू दोन शब्द बोलतो, एखादी प्रार्थना किंवा कृती प्रायश्चित्त म्हणून देतो, माणूस पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि धर्मगुरू देवाच्या नावाने पापमुक्तीचे शब्द उच्चारतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे पाच-दहा मिनिटांचं काम वाटतं, आणि सुरुवातीची शंका तिथूनच येते. पण या संस्काराची एक अट बाहेर फारशी माहीत नसते. ते पाप पुन्हा न करण्याचा निश्चय मनात नसेल, तर कबुली आणि पापमुक्तीचे शब्द दोन्ही निष्फळ ठरतात. शनिवारी संध्याकाळी कबुली देताना रविवारी रात्रीचा बेत मनात पक्का असेल, तर कॅथलिक शिकवणीप्रमाणे त्या माणसाला क्षमा मिळालेलीच नसते. उलट, आपण पुन्हा घसरू अशी भीती वाटते म्हणून निश्चय खोटा ठरत नाही. दारू सोडू पाहणारा दहाव्यांदा येऊन तीच कबुली देईल; तो प्रामाणिक असेल तर दहाव्यांदाही त्याला परत पाठवायचं नाही. आपल्या भावाला किती वेळा क्षमा करावी असं पेत्राने विचारलं होतं, आणि सात वेळा पुरे ना, असं स्वतःच सुचवलं होतं. येशूने त्याच्या सातला सत्तरने गुणलं. चोरी केली असेल तर चोरलेलं परत करायची तयारीही हवी, नाही तर पश्चात्ताप कसला?

ही भक्कम शिकवण सोळाव्या शतकात बाजारात उतरली. रोमच्या संत पेत्राच्या बासिलिकेच्या बांधकामासाठी जर्मनीत पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकली जाऊ लागली, आणि 1517 साली मार्टिन लूथर त्याविरुद्ध उभा राहिला. लूथरचा स्वभाव पाहिला तर त्याचं बंड कळतं. मठात असताना तो तासन्‌तास कबुली देत बसे, एकही पाप राहू नये म्हणून. त्याचा वरिष्ठ श्टाउपिट्झ ऐकून ऐकून थकून जाई. पापांची यादी कधी पुरी होत नाही हे लूथरला तिथे कळलं. म्हणून त्याने सांगितलं की देव माणसाला नीतिमान ठरवतो ते केवळ विश्वासाच्या आधारे. आणि ठरवल्यावरही तो माणूस पापी असतोच, एकाच वेळी दोन्ही. त्याच्या पंचाण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा, की ख्रिस्ती माणसाचं अवघं आयुष्य हाच पश्चात्ताप असावा. पुढे त्याचाच एक सहकारी, आग्रिकोला, ख्रिस्ती माणसाला आज्ञांची गरज उरली नाही असं शिकवू लागला तेव्हा लूथर त्याच्यावर तुटून पडला. अठराव्या शतकात जॉन वेस्ली या इंग्रज उपदेशकाने आणखी पुढे जाऊन म्हटलं, की जाणूनबुजून पाप न करण्याइतकी प्रेमाची पूर्णता याच आयुष्यात मिळू शकते. लूथरन आणि कॅल्विनवादी मंडळींना हे आजही पटत नाही.

प्रोटेस्टंट घरातून आलेला सर्वांत कठोर इशारा मात्र 1937 चा आहे. हिटलरच्या जर्मनीत डीट्रिख बॉनहोफर या तरुण पाळकाने लिहिलं की चर्च आता स्वस्त कृपा वाटतं आहे: पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय दिलासा. ज्या मंडळ्यांत दर रविवारी पापक्षमा जाहीर होत होती, त्यांतल्या अनेक मंडळ्या शेजारच्या ज्यूंवर होणाऱ्या अन्यायापुढे गप्प होत्या. बॉनहोफरला 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबर्गच्या छावणीत फाशी दिलं गेलं.

पण क्षमा मिळालेला माणूस पाप करत राहतो याचा सर्वांत अस्वस्थ करणारा दाखला मला जॉन न्यूटनचा वाटतो. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं गीत त्याचं. 1748 च्या मार्चमध्ये अटलांटिकच्या वादळात जहाज बुडण्याच्या बेतात असताना त्याने देवाचा धावा केला. तो दिवस तो पुढे दर वर्षी पाळत असे. शिवीगाळ सुटली, बायबलवाचन सुरू झालं. आणि त्यानंतर, 1750 ते 1754 या काळात, तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. रविवारी खलाशांसाठी प्रार्थना चालवायचा. 1752 च्या डिसेंबरात गुलाम उठाव करणार असल्याचा संशय आला, तेव्हा त्याने काही मुलांना बेड्या घातल्या आणि कबुली मिळावी म्हणून त्यांची बोटं दाबयंत्रात आवळली. हे त्याच्याच रोजनिशीत नोंदलेलं आहे. 1754 मध्ये त्याने समुद्र सोडला तो आजारपणामुळे. सदसद्विवेक जागा झाला म्हणून नव्हे. त्या व्यापारात पाप आहे हे तेव्हा त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तो पाळक झाला, गीतं लिहिली, आणि 1788 साली, म्हणजे त्या वादळानंतर चाळीस वर्षांनी, आफ्रिकन गुलामांच्या व्यापाराबद्दल एक पुस्तिका काढली. आपण ज्यात सामील होतो ते आठवून आता शहारे येतात, हे त्याने उघड लिहिलं. संसदेपुढे साक्षही दिली. मग 1748 मध्ये मिळालेली क्षमा खरी की खोटी? न्यूटनने ती खोटी मानली नाही, पण आपण तेव्हा पुरते ख्रिस्ती झालो नव्हतो असं तो म्हणत असे. मला वाटतं, पौलाच्या त्या दोन अध्यायांतली ओढाताण इथे एका माणसाच्या आयुष्यात पसरलेली दिसते. न्यूटनला लढावंसं वाटलं ते त्याच्या शिव्यांशी. जे पाप त्याचा सगळा समाज नफा म्हणून मोजत होता, ते दिसायलाच त्याला चाळीस वर्षं लागली, आणि दरम्यान त्याची किंमत इतरांनी मोजली.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी असाच उशीर स्वतःबद्दल लिहून ठेवला आहे, पाप वेगळं असलं तरी. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्यांच्याच सांगण्यानुसार, आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास जाणवलं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात 1905 च्या जूनमध्ये जागृती झाली तेव्हा मुली आणि स्त्रिया तासन्‌तास रडून आपली पापं मोठ्याने कबूल करत होत्या. ज्यांच्यावर आयुष्याने स्वतःच इतका अन्याय केला होता, त्या दुष्काळातून आलेल्या मुलींनी पापाचं एवढं ओझं वाहावं हे वाचताना माझ्या मनाला लागतं. क्षमेची शिकवण देणाऱ्याने कोणासमोर बसून ती द्यायची आहे ते पाहायला हवं.

कारण हा सगळा विचार पापी आणि देव या दोघांभोवती फिरतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो तिसरा माणूस त्यात सहज हरवतो. गेल्या काही दशकांत कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार अनेक देशांत उघडकीस आले. 2002 साली बॉस्टनमधली प्रकरणं गाजली, तेव्हा अत्याचार करणाऱ्यांना एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवलं जात होतं हे जगाला कळलं. पश्चात्ताप केला, बरा झाला, असं मानून त्यांना पुन्हा मुलांमध्ये पाठवलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने 2017 साली शिफारस केली की कबुलीत कळलेला असा गुन्हाही धर्मगुरूने पोलिसांना कळवावा. तिथल्या अनेक राज्यांनी तसे कायदे केले. चर्चने ते मानले नाहीत, कारण कबुलीची गुप्तता त्याच्या लेखी अभंग आहे. गुन्हेगार स्वतः पोलिसांकडे जाईपर्यंत पापमुक्ती रोखून धरता येईल का, असंही विचारलं गेलं. 2020 साली व्हॅटिकनकडून उत्तर आलं: पश्चात्ताप खरा हवा, पण पुढे करायच्या बाहेरच्या कृतीची अट पापमुक्तीला घालता येत नाही, धर्मगुरूने समजावावं, आग्रह धरावा. क्षमा आधी आणि सुधारणा नंतर हा जुना क्रम राखण्याचाच हा प्रयत्न आहे, हे मला कळतं. पण जक्कयने लुबाडलेल्यांना परत द्यायचं कबूल केलं, आणि तेही कोणी अट न घालता. ज्याने मुलावर हात टाकला तो कबुलीच्या जागेवरून उठून घरी जात असेल, तर त्याचा पश्चात्ताप खरा आहे हे धर्मगुरूने ओळखायचं कशावरून? या प्रश्नाचं उत्तर चर्चने अजून दिलेलं नाही, आणि ते मागण्याचा पहिला हक्क त्या मुलांचा आहे.